शहाणपणाचं स्टूल

काकूंच्या पाळणाघरात आवाज नसायचा, हीच त्यांची जाहिरात. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला काकू आणि काका राहायचे, आणि पुढच्या दोन खोल्यांत दिवसभर आठ-दहा पोरं असायची. तरीसुद्धा खाली किल्लीवर कानस फिरली की वर ऐकू यायची. मूल घेऊन चौकशीला आलेली आई जिन्यातच थबकायची. तिला वाटायचं, आज सुट्टी दिसते. मग दार उघडायचं आणि आत सगळी पिल्लं आपापल्या जागी, कोणी मणी ओवतंय, कोणी चित्र रंगवतंय. त्या आईला रडू फुटायचंच बाकी राहायचं. तिचं रत्न घरी पडद्याला लोंबकळत असायचं.

"काकू, करता तरी काय तुम्ही?"

"काही नाही. मी हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. माझ्याकडे स्टूल आहे," काकू म्हणायच्या.

आणि हे खरं होतं. ठेंगणं, निळ्या रंगाचं लाकडी स्टूल. काकांनी खूप वर्षांपूर्वी, मुलगा लहान असताना, उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकलेलं. काका जन्मभर बस चालवत आले, सुतारकाम त्यांचं नव्हे, त्यामुळे एक पाय किंचित आखूड राहिला होता. बसणारा जरा हलला की स्टूल टक्कन वाजायचं. काकांनी पाय नीट करायची तयारी दाखवली तेव्हा काकूंनीच हात धरला. "राहू द्या. हललं की कळतं तेवढंच."

नियम सोपे होते. कोणी ढकललं, चावलं, सांडलं, फेकलं की त्याने कोपऱ्यात जायचं, भिंतीकडे तोंड करून स्टूलवर बसायचं. स्टूल वाजता कामा नये. वाजलं की पुन्हा पहिल्यापासून. शांत बसून झालं की काकू मागे येऊन विचारायच्या, "काय केलंस?" आपलं काय चुकलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि उठायचं. "मी काही नाही केलं" असं कोणी म्हणालं तर काकूंचं उत्तर ठरलेलं होतं: "उगाच कोणी इथे बसत नाही." त्या स्टूलला त्या शहाणपणाचं स्टूल म्हणत. बसताना वेडा बसतो, उठताना शहाणा उठतो, असं त्या हसत हसत आयांना सांगत, आणि आया माना डोलावत.

स्टूलवर पहिला बसला तो त्यांचा स्वतःचा मुलगा. आता तो दुसऱ्या गावी नोकरीला होता, बायको-मुलांचा झाला होता आणि रविवारी न चुकता फोन करायचा. "बरं आहे. ठीक आहे. तुम्ही कसे आहात?" संपला फोन. "माझा मुलगा बघा," काकू सांगायच्या, "कधी उलट शब्द नाही." उलट नाही हे खरंच होतं; पण सुलटही नव्हता, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. मध्यंतरी त्याची नोकरी गेली होती. काकूंना ते सुनेकडून कळलं, तेही त्याला दुसरी लागल्यावर.

अशा या घरात भिंगरी आली.

भिंगरी हे नाव काकूंनीच ठेवलेलं. चार वर्षांची मुलगी, मोठे कान, बारीक वेणी आणि चेहऱ्याला न शोभणारं गंभीरपण. आई चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायची. बाप लांब कुठेतरी जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणारा. आईने पहिल्याच दिवशी एक पिशवी काकूंच्या हाती दिली. त्यात निळा पंप, आणि त्याला जोडायची प्लॅस्टिकची जाड नळी, पुढे नाकातोंडावर बसणारा मास्क. मास्कवर हत्तीचं चित्र चिकटवलेलं.

"काकू, हिला दमा आहे. थंडी सरेपर्यंत डॉक्टरांनी दुपारीही औषध द्यायला सांगितलंय. झोपून उठली की दोन वेळा पंप दाबायचा, आणि तिला सावकाश श्वास घेऊ द्यायचे. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" काकू म्हणाल्या.

आणि त्यांना जमलंही. दुपारी पोरं उठायची, काकू भिंगरीला मांडीवर घ्यायच्या, मास्क नीट दाबून धरायच्या, पंप फुस्स करायच्या आणि तिचे श्वास मोजायच्या. एक दिवस चुकला नाही. औषध देण्यात काकूंनी कधी हयगय केली असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. हेच नंतर त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

सकाळची भिंगरी म्हणजे शहाणं बाळ. काकूंकडे बटणांचा एक डबा होता. ती तो घेऊन बसायची आणि बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायची. पांढरी इकडे, काळी तिकडे, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. जेवायला हाक मारली तर "एवढी लाल झाली की" म्हणायची. दुपारी मात्र ही पोरगी कोणी बदलून नेल्यासारखी व्हायची. तोच डबा उपडा करायची. टेबलाभोवती गरागरा पळायची, दुसऱ्याने रचलेला मनोरा पाडायची, खिडकीच्या कठड्यावर चढायची. एकदम हसायची, हसता हसता रडायला लागायची. दुधाचा पेला तोंडापर्यंत नेईतो अर्धा फ्रॉकवर. एकदा तर तिने शेजारच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला आणि त्याच्याआधी स्वतःच भोकाड पसरलं.

"झोपेतून उठली की हिच्या अंगात वारं शिरतं," काकूंनी निदान केलं. "भिंगरी आहे नुसती!" आणि भिंगरीची रवानगी स्टूलवर झाली.

स्टूलवर ती गप्प बसायची, पण स्टूल गप्प बसायचं नाही. टक्. टक्टक्. टक्. भिंगरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायची, पाय एकमेकांत अडकवायची, ओठ आवळायची. तरी टकटक चालूच. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. बाकीची मुलं चटकन बसून, चटकन कबूल करून, चटकन उठायची. त्यांना गणित कळलं होतं. भिंगरीची सगळी दुपार तिथेच जायची. आणि शेवटी काकू मागे येऊन उभ्या राहिल्या की नवीन अडचण.

"काय केलंस?"

"माहीत नाही."

"चावलीस कोणाला?"

"हो."

"का चावलीस?"

"माहीत नाही. आपोआप झालं."

"आपोआप? दात काय भाड्याचे आहेत? नीट सांग आणि ऊठ."

भिंगरी विचार करायची. खरंच करायची, कपाळाला आठी घालून, मोठ्या माणसासारखी. आणि म्हणायची, "आतमध्ये पळतंय काहीतरी."

काकूंना वाटलं, पोरगी हट्टी आहे. चूक कबूल करायची नाही, वर गोष्टी रचायच्या. आता काकूंच्या हाताखालून इतकी पोरं गेली होती की हट्टी मूल त्यांना ओळखू येत नाही असं त्यांना कसं वाटावं? अनुभवी माणसाचं हेच होतं. त्याला नवीन काही दिसतच नाही, सगळं ओळखीचंच दिसतं.

काका एकदा दारातून बघत उभे होते. "अगं, हिचे हात बघ. कापताहेत."

"घाबरलीय. बरं आहे, थोडा धाक हवाच."

"धाकाने नाही. मी गाडीवर असताना चहा जास्त झाला की माझे असे व्हायचे. स्टिअरिंग धरवायचं नाही."

"ती चहा पीत नाही," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही गाडी चालवत नाही आहात. तुमचं काम बघा."

काका वर्तमानपत्राच्या मागे गेले. त्यांना तरी काय ठाऊक होतं? चहा आठवला, बोलले.

एवढ्यानंतरही काकूंना उमजायला वाव होता. थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. काकू मास्क घेऊन बसल्या, तर भिंगरी दूर उभी राहिली.

"आज औषध नको."

"का गं?"

"मग मी शहाणी राहीन."

काकू हसल्या. औषध टाळायच्या मुलांच्या युक्त्या त्यांना तोंडपाठ होत्या. ही नवी होती, एवढंच. "शहाणी मुलं औषध घेतात," त्या म्हणाल्या आणि तिला मांडीवर ओढलं. हत्तीचा मास्क तिच्या चेहऱ्यावर बसला. मास्कच्या वर तिचे डोळे काकूंकडे लागलेले होते. पुढे जेव्हा काकूंना झोप लागत नसे तेव्हा हेच डोळे त्यांना दिसत.

संध्याकाळी आई न्यायला यायची, काचेच्या पांढऱ्या भुकटीने भरलेल्या हातांनी. "काकू, त्रास नाही ना दिला?"

"दुपारी जरा व्रात्यपणा करते. पण करू सरळ."

"घरी पण संध्याकाळचं औषध झालं की अशीच उड्या मारते," आई म्हणायची. "मी म्हणते, दिवसभर काकूंकडे शांत बसून कंटाळत असेल बिचारी." मग खाली वाकून मुलीला, "काकूंचं ऐकायचं हं बाळा."

दोघीजणींच्या हाती अर्धा-अर्धा धागा होता. दोघींनी तो एकमेकींना दाखवला आणि पुन्हा आपापल्या खिशात ठेवला.

थंडी संपली. डॉक्टरांनी रोजचं औषध बंद केलं. आई आनंदाने सांगायला आली. "आता दम लागला तरच द्यायचं, काकू. डॉक्टर म्हणाल्या, मोठी झाली आता, छाती जड झाली की ती स्वतः सांगेल. सांगशील ना गं काकूंना?" भिंगरीने मान डोलावली.

आणि चमत्कार झाला. भिंगरी दुपारचीही शहाणी झाली. झोपून उठावं, बटणं काढावी, लाल इकडे, निळी तिकडे. स्टूल वाजेनासं झालं. वाजायला त्याच्यावर कोणी बसतच नव्हतं. काकूंना काय वाटलं असेल ते सांगायलाच नको. त्यांनी आईला जिन्यात गाठून सांगितलं, "बघितलंस? वेळ लागला, पण स्टूलने काम केलं." आई म्हणाली, "तुमचे उपकार आहेत काकू." कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि फांदी मीच मोडली म्हणून कावळा मिरवत राहिला.

मग शेजारच्या घरी रंगकाम निघालं. दोन दिवस भिंती खरवडण्याचं काम चाललं होतं. खिडक्या लावून घेतल्या तरी बारीक पांढरी धूळ कुठून कुठून येत होती. टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठायची. दुपारी पोरं उठली. कोणी शिंकत होतं, कोणी डोळे चोळत होतं. एक भांडण झालं, एक पेला फुटला, आणि त्या सगळ्या गोंधळात भिंगरी एकटी भिंतीला टेकून बसली होती. डबा समोर, पण बटणं काढलेली नाहीत. हात मांडीवर. तोंड मिटलेलं. अगदी ताठ.

काकूंनी टाळी वाजवली. "सगळ्यांनी इकडे बघा! भिंगरी बघा कशी बसलीय. याला म्हणतात शहाणं मूल. बसा बरं सगळे तिच्यासारखे."

सगळ्यांनी बघितलं. भिंगरी काकूंकडे पाहून हसली. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फुटलेल्या काचा गोळा करायला गेल्या.

काचा भरून परत येताना त्यांचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये, कातडी आत ओढली जात होती, बाहेर येत होती, आत ओढली जात होती. खांदे वर-खाली होत होते. काकू जवळ वाकल्या तेव्हा त्यांना शिटीसारखा बारीक आवाज ऐकू आला. ओठांचा रंग गेला होता. पोरगी शहाण्यासारखी बसलेली नव्हती. ती सगळं बळ एकवटून श्वास घेत होती, आणि कोणाला कळू नये म्हणून तोंड मिटून घेत होती.

काकूंच्या हातातलं सुपलं पडलं. "अहो!" त्या ओरडल्या. त्या घरात कोणी ओरडल्याची ती पहिलीच वेळ असावी. दोन मुलं रडायलाच लागली. काका पिशवी घेऊन धावले. काकूंनी मास्क पुढे केला आणि भिंगरीने तोंड फिरवलं. उजवीकडे, डावीकडे. अंगात त्राण नव्हतं, तरी मान फिरवत होती.

"नको," ती म्हणाली. एक शब्द, एक श्वास. "मी... वाईट... होते."

काकूंनी तिचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि पंप दाबला. पुन्हा दाबला. काकांनी खालच्या किल्लीवाल्याला हाक मारली, त्याने दुकान तसंच टाकून टॅक्सी आणली, त्याची बायको वर येऊन मुलांपाशी बसली. वाटेत काकू एकच गोष्ट बडबडत होत्या, "श्वास घे गं, श्वास घे." जणू ती पोर दुसरं काही करत होती.

दवाखान्यात तिला वाफेचं औषध लावलं. हळूहळू गळ्याची ओढ थांबली, ओठांना रंग आला. जीव वाचला. तोवर आई पोचली होती, कामाचा एप्रन तसाच अंगावर. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, बोलायला मवाळ. त्यांनी भिंगरीचा हात आपल्या हातात धरला होता आणि तो हात थरथर कापत होता.

"हे कापताहेत ते औषधाने," त्या आईला म्हणाल्या. "घाबरू नका. या औषधाने छाती मोकळी होते, पण काही लहान मुलांना त्याने हात कापतात, छाती धडधडते, स्वस्थ बसवत नाही. चिडचिड करतात, पळत सुटतात. थोड्या वेळाने आपोआप उतरतं. म्हणून औषध थांबवायचं नसतं हं, पण आम्हाला सांगायचं, म्हणजे आम्ही बघतो काय करता येईल. आणि तेवढा वेळ मुलाला सांभाळून घ्यायचं." मग काकूंकडे वळून, "तुमच्याकडे असते ना ही? औषध घेतल्यावर असं काही व्हायचं का?"

काकूंनी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "थोडी खेळकर व्हायची."

खेळकर. हाच शब्द त्यांच्या तोंडून का निघाला, हे त्यांना पुढे कधीच समजलं नाही. मुलांनी चूक कबूल करावी म्हणून ज्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हा जीभ अशी वळली.

भिंगरीने वाफेचा मास्क बाजूला सरकवला. "मी स्टूलवर बसायचे," ती डॉक्टरांना म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "रोज. ते वाजायचं. मग परत बसायचं. आता मी औषध नाही घेत, म्हणून मी शहाणी आहे."

आईने काकूंकडे पाहिलं. ती ओरडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "दम लागला तरी तिने सांगितलं नाही, काकू. का सांगितलं नाही?" उत्तर दोघींना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि ती रोज, न चुकता, औषधाच्या वेळेइतकीच काटेकोरपणे.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आली नाही.

काकूंनी काकांना स्टूल फोडायला सांगितलं. काकांनी विचारलं, "पाय नीट करून देऊ का? नुसतं बसायला होईल कोणाला."

"फोडा म्हणते ना!"

काकांनी फोडलं. कोपऱ्यात फरशीवर आखूड पायाने आपटून आपटून पडलेला एक पांढरट डाग राहिला. काकूंनी तो घासून पाहिला, गेला नाही. पाळणाघरात आवाज व्हायला लागला. पोरं भांडायची, काकू मध्ये पडून सोडवायच्या, काय झालं ते दोघांकडून ऐकून घ्यायच्या आणि पुष्कळदा त्यांना न्याय करता यायचा नाही. आया म्हणायला लागल्या, "काकू, हल्ली गोंगाट फार असतो नाही? वय झालं तुमचं." काकू हो म्हणायच्या.

एका रविवारी मुलाचा फोन आला, बरं आहे, ठीक आहे झालं, आणि तो ठेवणार तेवढ्यात काकूंनी विचारलं, "तुला त्या स्टूलवर काय वाटायचं रे?"

तो म्हणाला, "आठवत नाही आई. ठीक होतं."

काकू फोन धरून बसून राहिल्या. एवढा मोठा बाप्या झाला, पण तो अजून स्टूल वाजू देत नव्हता.

शेवटी त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं. दांडी मुद्दाम सैल करून त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. भिंगरीची आई मागून हात पुसत बाहेर आली. तिने दांडी घट्ट करून दिली, पैसे घेतले नाहीत, बोललीही फारशी नाही. भिंगरी बरी आहे, औषध बदलून दिलंय, पण कधीमधी निळा पंप लागतोच, एवढं सांगितलं. काकू म्हणाल्या, "एकदा आण गं तिला. मला तिच्याशी बोलायचंय. मग पुन्हा कधी आण म्हणणार नाही."

"बघते," आई म्हणाली.

काकूंनी आशा सोडली होती, आणि एका संध्याकाळी, पोरं घरी गेल्यावर, जिन्यात पावलं वाजली. अर्ध्यावर थांबली. खाली किल्लीवाल्याकडे लोखंडाची बारीक धूळ उडत होती. काकूंनी कान दिला. खोकला ऐकू आला, मग पिशवीची चेन, मग तो ओळखीचा आवाज: फुस्स. थोड्या वेळाने पुन्हा फुस्स. काकूंचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. काय बोलायचं ते त्यांनी कितीदा घोकलं होतं, त्यातलं पुढचं-मागचं सगळं गेलं.

दार उघडलं. भिंगरी उंच झाली होती. काकूंनी दोन्ही हात पुढे केले. तिने हातांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बूट काढले, भिंतीशी नीट ओळीत ठेवले, आणि सरळ कोपऱ्यात गेली. स्टूल नव्हतं. ती क्षणभर घुटमळली. मग खाली फरशीवरच बसली, त्या डागावर, तोंड भिंतीकडे करून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

"अगं, काय करतेस?" आई म्हणाली.

"आत्ता औषध घेतलं ना," भिंगरी म्हणाली. आईला एवढंसुद्धा कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

आई पुढे झाली, पण काकूंनी तिला हाताने थांबवलं. त्या भिंत धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशा खाली उतरल्या आणि भिंगरीच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसल्या. भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, नखांनी काढलेल्या बारीक रेघा होत्या. इतक्या वर्षांत काकूंना त्या कधी दिसल्या नव्हत्या.

"तुम्ही का बसलात?" भिंगरीने हळूच विचारलं.

"माझं चुकलं म्हणून."

"मग काय केलं ते सांगायचं. सांगितलं की उठता येतं."

"सांगते." काकू म्हणाल्या. "औषधाने तुझे हात कापायचे. तुला बसवत नव्हतं. तू मुद्दाम काहीच करत नव्हतीस. तू मला सांगितलंस, आत पळतंय म्हणून, औषध नको म्हणून. मी ऐकलं नाही. तुला इथे बसवलं. रोज बसवलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही."

भिंगरीने कपाळाला आठी घालून सगळं ऐकलं. मग मान हलवली, झालं अशा अर्थाने. "आता उठा तुम्ही."

"तूही चल. ऊठ."

"मला नाही उठता येणार. मला अजून माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मी काय केलं ते."

"काही नाही गं बाळा," काकू म्हणाल्या. आता त्यांना रडू आवरत नव्हतं. "तू काहीच केलं नाहीस."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "उगाच कोणी इथे बसत नाही," तिने समजावून सांगितलं, आणि कापणारे हात पुन्हा मांड्यांखाली नीट दाबून घेतले.

काकू उठल्या नाहीत. मागे आई दारात उभी होती. खोली इतकी शांत झाली होती की खाली किल्लीवर फिरणारी कानस वर स्पष्ट ऐकू येत होती.